अस्वलामागे आठ आणे

३ डिसेंबर

आज एका घोर अन्यायाची नोंद करणं भाग आहे. खरं तर ही सदरातच लिहायची, पण संपादक म्हणतील, "अश्वजित, विषय संपले का तुझे?" म्हणून इथं.

आमच्या गेममधलं अस्वल आज पहिल्यांदा मोबाइलवर चाललं. बघायला घरातले सगळे जमले, म्हणजे मी, बायको दीपाली आणि वरच्या खोलीतली ललिता. दीपालीने हात पुसले, चष्मा लावला. पडदा काळा झाला. मी मनाशी म्हटलं, आता माझं नाव. 'संवाद : अश्वजित'. आणि आलं काय? ज्या इंजिनावर हा गेम बांधला त्या परदेशी कंपनीचं बोधचिन्ह. एक चांदीचा गोळा. तो फिरतो, थांबतो, चमकतो, पुन्हा फिरतो. चार सेकंद. टिचकी मारून पाहिली, बोट दाबून पाहिलं, फोन हलवला. गोळा आपला चमकतोय. चार सेकंद थोडे वाटतात खरे, पण सत्काराला आपलं नाव पुकारायच्या ऐन वेळी सूत्रसंचालक पाणी प्यायला थांबला, की ते किती मोठे असतात हे कळतं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि दीपाली उठून गेली. माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा ते वाचायला मी एकटाच होतो. ललिता होती, पण ते तिनेच टाकलेलं, तिचं वाचणं धरता येत नाही.

"हा गोळा काढून टाक," मी म्हणालो.

"निघत नाई भाऊ. फुकटच्या लायसन्सवर तो दाखवावाच लागते. काढायचा असन तं महिन्याले पैसे भरा."

"किती?"

तिने सांगितलं. मी गोळ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. तसा काही वाईट नाही.

११ डिसेंबर

दहा वर्षांनी मीच ही वही उघडली तर काही कळायला हवं, म्हणून थोडं सविस्तर.

ललिता मूळची सिरोंच्याची. घरी गोदावरीवर मासेमारी. चंद्रपुरात इंजिनिअरिंग केलं आणि आमच्या जटपुरा गेटजवळच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, जेवायला खाली आमच्यातच. भाडं वेळेवर द्यायची, म्हणून मला तिचा आधीपासून संशय होता. एकदा वर गेलो तर बाई कॉम्प्युटरवर अस्वल चालवत होती. पहाटे मोहाची फुलं वेचायला जायचं, टोपली भरायची, आणि अस्वलही त्याच झाडाखाली मोह खायला येतं. त्याच्या आधी टोपली भरली तर जिंकलात. मी म्हटलं, हे अस्वल मुकं का? दुसऱ्या दिवशी त्याला बोलायला लावलं. "काऊन बे, मले सोडून एकटाच टोपली भरतं का?" हे त्याचं पहिलं वाक्य. वीस वर्षं 'चिमटे' सदर लिहिलं, एवढं सहज वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

इंजिन म्हणजे काय, हे तिने मला तीनदा समजावलं. फूल गळालं तर खाली पडावं, वर जाऊ नये. अस्वल धावलं तर धूळ उडावी. सावली उन्हाच्या उलट बाजूला पडावी. ही सगळी सोय कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. आपण फक्त अस्वल आणायचं. कमाई एका हद्दीपर्यंत गेली नाही तर काही द्यायचं नाही. हद्द ओलांडली की शंभरातले पाच रुपये त्यांचे. याला रॉयल्टी म्हणतात. माझ्या सतरा पुस्तक-परीक्षणांवर मला आजवर जी मिळाली नाही ती.

आमचं आपसात ठरलंय, निम्मं तिचं, निम्मं माझं. कागद वगैरे केला नाही. घरातल्या घरात काय कागद करायचा!

हैदराबादची एक कंपनी तिला नोकरीला बोलावते आहे, हेही नोंदवून ठेवतो. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. "अस्वलाचं काय होते ते पायतो आधी," म्हणाली. पगार तिने सांगितला तेव्हा दीपालीच्या हातातला चमचा थांबला होता.

६ जानेवारी

आज अहेरीच्या बाजारात एक डाव टाकून आलो. ललिताला सांगितलं नाही. एकदम आकडा दाखवून चकित करायचं.

झालं असं, की सदरासाठी एसटीने अहेरीला गेलो होतो. बाजारात बिरजूचं मोबाइलचं दुकान असतं, दुकान म्हणजे खाली ताडपत्री, वर ताडपत्री, मध्ये बिरजू आणि त्याचा लॅपटॉप. हा माणूस बाजारामागून बाजार करतो. आज अहेरी, उद्या आलापल्ली, मग एटापल्ली. वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून गाणी देतो. जंगलातल्या गावांत नेट कुठलं? त्यांचं नेट म्हणजे बिरजू.

मी माझ्या फोनवरून त्याला अस्वल दिलं. त्याने उघडलं, पहिलं वाक्य ऐकलं आणि ताडपत्रीवर मागे कलंडून हसला.

"भाऊ, हे तं आपल्याच भाषेत शिव्या देऊन राह्यलं!"

"शिव्या नाहीत, संवाद आहेत."

"तेच ते."

"गाण्यांसोबत प्रत्येकाच्या फोनमध्ये टाक," मी म्हणालो. "एकही फोन सोडू नको. दर फोनमागे आठ आणे माझ्याकडून."

"आठ आणे? आठ आण्याचा शिक्का आता चालते कुठी भाऊ?"

"दोन फोनमागे रुपया. झालं?"

"झालं. तुमचा शब्द हाय म्हणजे झालंच."

परत येताना गाडीत माझ्या पुढच्या सीटवरच्या पोराच्या फोनमधून माझं अस्वल बोलत होतं. आष्टी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघण्याचं नाटक केलं.

१९ जानेवारी

इंजिनवाल्यांचा मेल आलाय. भाषा इतकी गोड, की अर्धा वाचेपर्यंत मला वाटत होतं आपल्याला बक्षीस लागलं. 'तुमच्या प्रवासातील सोबती म्हणून' वगैरे. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहायचेही पैसे मागतील.

मथितार्थ ललिताने सांगितला. एक फेब्रुवारीपासून कमाईवर हिस्सा नाही. त्याऐवजी गेम जितक्या फोनमध्ये बसेल, तितक्या वेळा पैसे. महिन्याला पहिले दोन हजार माफ. पुढच्या प्रत्येक फोनमागे आपल्या पैशात सतरा रुपये. गेम विकलात की वाटलात, त्यांना घेणं नाही.

"पण त्यांना कळणार कसं?"

"फोनवर अस्वल उघडलं अन् नेटवर्कात आलं, का ते कंपनीले सांगते. आतूनच."

म्हणजे आमचं अस्वल चुगलखोर आहे.

ललिता फारच गंभीर झाली होती. मी धीर दिला. म्हटलं, दोन हजार कुठं आणि आपण कुठं! स्टोअरवर आपले सारे तीनशे गिऱ्हाइक, तेही पुण्या-मुंबईचे. चिंता मोठ्यांनी करावी.

२७ फेब्रुवारी

कीर्ती म्हणजे काय ते या वयात कळतंय. आलापल्लीच्या स्टँडवर कंडक्टर एकाला म्हणाला, "काऊन बे, मले सोडून एकटाच चढतं का?" सगळी गाडी हसली. कुणाला माहीत, की लेखक तिसऱ्या रांगेत बसलाय.

बिरजूचा फोन आला होता. "भाऊ, लोक पागल झाले. पण फोनमधी जागा नाई. तं काय करतात, नवीन गाणे टाकाले अस्वल काढतात, अन् पुढच्या बाजाराले येऊन म्हणतात, अस्वल टाक परत. एकेकाच्या फोनमधी चार-चार वेळा टाकलं मी."

मी म्हटलं, याला म्हणतात वाचक टिकवणं.

"अन् भाऊ, ते आठ आण्याचं?"

"अरे देतो ना. किरकोळ काय द्यायचं, एकदम देऊ."

५ मार्च

बिल आलं.

सकाळी ललिता खाली आली, लॅपटॉप उघडा हातात धरून, जसं काही सांडेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. त्र्याण्णव हजारांच्या वर. अस्वलाची जन्मापासूनची सगळी कमाई साडेअकरा हजार.

त्यांनी नकाशाही दिलाय. पुण्यावर एक बारीक ठिपका, मुंबईवर एक. आणि आमच्याकडे, अहेरीपासून भामरागडपर्यंत, गोवर आल्यासारखं लालेलाल.

"भाऊ, तिकडं तीनशे अन् इथी सात हजार दोनशे. एका महिन्यात. अहेरी तालुक्यात एवढे फोन तरी हायेत का?"

मग सांगावं लागलं. बिरजू, गाणी, काढणं आणि परत टाकणं. कंपनीला काय ठाऊक, की एकच माणूस दर बाजाराला गाण्यासाठी अस्वल काढतो आणि अस्वलासाठी परत येतो? त्यांच्या हिशेबात तो दर वेळी नवा माणूस. जगात असा नियम करणाऱ्याने वीस रुपयांत भरलेलं मेमरी कार्ड कधी पाहिलेलं नसणार.

हे सगळं मी तिला जोरात सांगितलं.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"चकित करायचं होतं."

"झालो," ती म्हणाली.

दीपालीने चहा ठेवला. कुणी घेतला नाही. ललिता लॅपटॉप मिटून म्हणाली, हैदराबादवाल्यांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तिने कंपनीला पत्र लिहिलंय, पण बिल भरावंच लागलं तर जावं लागेल, कारण लायसन्स तिच्या नावावर आहे. निम्मं-निम्मं ठरलं तेव्हा हा मुद्दा निघाला नव्हता. मी म्हणालो, निम्मं माझं. ती मिटलेला लॅपटॉप उचलून वर गेली.

अस्वल तिने दोन वर्षं घडवलं. त्याच्या मानेवरचे केस वाऱ्याने हलावेत म्हणून तीन आठवडे घालवलेत. ती गेली तर ते असंच मरेल, आणि माझं काय, मी संवाद लिहिले.

९ मार्च

अहेरीला जाऊन बिरजूला अस्वल थांबवायला सांगून आलो. मोहाचा हंगाम, बाजार निम्मा रिकामा, सगळे झाडांखाली.

"बंद करतो ना," बिरजू म्हणाला. "तुमचीच वस्तू. पण झालेल्याचं?"

मी त्याला शांतपणे परिस्थिती समजावून दिली. म्हटलं, कंपनीनेच नियम बदलले, तेव्हा आपलंही जुनं गणित राहिलं नाही. गेमच बंद तर फोनमागे आठ आणे कुठून यायचे? ज्याने आमच्यावर ही वेळ आणली त्याला विचार.

"त्याले कुठी विचारू भाऊ? तो बाजारात येत नाई."

मग हसला, आणि एका गिऱ्हाइकाचं कार्ड लॅपटॉपला लावलं. समंजस माणूस आहे. एका शब्दाने वाद घातला नाही.

१६ मार्च

ललिता चार दिवस गावी जाऊन आली. येताना अहेरीला उतरली होती, बिरजूच्या लॅपटॉपवरून गेम स्वतः काढून आली म्हणे. मी काढायला सांगितलं होतंच, पण तरुण माणसांना खात्री लागते.

आज बोलताना तिने एक फार सुंदर गोष्ट सांगितली. मी विचारलं होतं, तुमच्या नदीवर रॉयल्टीसारखं काही असतं का?

"असते ना. मासे वाटताना प्रत्येक माणसाचा एक वाटा, नावेचा एक, जाळ्याचा एक. जाळंवाला घरी झोपून राहला तरी जाळ्याचा वाटा त्याच्या घरी जाते. अन् मासा नाई भेटला तं कोणालेच काई नाई. जाळं फेकाचे पैसे कोणी घेत नाई."

"वा!"

"पण हे सगळं नाव सोडाच्या आधी ठरते, काठावर. एकदा नाव पाण्यात गेली का मंग कोणी वाटा बदलत नाई. बदलला तं त्याले कोणी मारत-गिरत नाई भाऊ. फक्त पुढच्या वेळी त्याच्या नावेत कोणी बसत नाई."

बोलून झाल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटतं, माझ्या डोक्यात सदर सुरू झालेलं तिला दिसलं.

१७ मार्च

सदर लिहिलं, 'नदीच्या मधोमध'. कंपनीची सालं काढली. जाळं विकत नाही, भाड्याने देत नाही, ते पाण्यात पडतं तेव्हाचा आवाज मोजून पैसे घेणारे हे पहिलेच कोळी, असं एक वाक्य आहे. काठावरचा शब्द पाण्यात फिरवणारा माणूस किती क्षुद्र असतो, यावर एक अख्खा परिच्छेद आहे. माझ्या मते वर्षातला सर्वोत्तम.

छापायच्या आधी ललिताला वाचून दाखवला. ती म्हणाली, "भाऊ, हे तुमी कंपनीबद्दलच लिवलं ना?"

"मग आणखी कुणाबद्दल?"

"नाई. असंच इचारलं."

२१ मार्च

सदर गाजलं. नागपूरच्या एका दैनिकाने परत छापायची परवानगी मागितली, मानधनासकट. संपादकांनी 'जाळ्याचा आवाज' या वाक्याला फोनवर दाद दिली. वरच्या खोलीत मात्र दिवसभर कीबोर्डचा आवाज. विचारलं तर म्हणते, "एक करून पाहून राह्यलो."

२ एप्रिल

कंपनी नमली! जगभरातल्या लहान-मोठ्या गेमवाल्यांनी ओरडा केला होता म्हणे. मेलमध्ये लिहिलंय, 'आम्ही तुमचं ऐकलं.' लहानांना नवा नियम लागू नाही. आमचं बिल रद्द. पुन्हा जुनाच शंभरातले पाच.

जगभरातल्या ओरड्यात माझ्या सदराचा वाटा किती, हे सांगणं कठीण. पण तारखा बोलक्या आहेत.

मी पेढे घेऊन वर गेलो. ललिताने पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाली, "मी त्या इंजिनावर परत जात नाई भाऊ."

गेले दोन आठवडे ती अस्वल उचलून दुसऱ्या इंजिनावर नेते आहे. हे दुसरं फुकट आहे, कायमचं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणा एकाचं नाही. त्यांना हिस्सा नको, मोजणी नको. पण जुन्याचं काहीच यात चालत नाही. केस, धूळ, सावली, सगळं नव्याने.

"अगं पण आता कशाला? त्यांनी माफ केलं ना!"

"आज केलं. पण शब्द बदलाले एकदा हात गेला ना त्यायचा." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "भाऊ, मले पैशाचं भेव नाई वाटत. बिल आलं तवाई नाई वाटलं एवढं. ज्याचा शब्द फिरते त्याच्यासंग दोन वर्षं काम केलं, याचं वाटते."

"आणि हैदराबाद?"

"पायतो. त्यायनं कागद तरी देला हाय."

पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून खाली आलो. शेवटचं वाक्य तिने कशाला म्हटलं असेल याचा थोडा विचार केला, मग मॅच लावली.

१५ एप्रिल

काल जयंती. मिरवणुकीत दीपालीच्या शाळेतल्या बायका, निळे फेटे, पाण्याचे ड्रम, ढोल. आज सगळं शहर बसलेल्या आवाजात बोलतंय. दीपालीचाही आवाज बसलाय. तरी जेवताना तिने विचारलं.

"बिरजूचं देलं का?"

"कोणतं?"

"आठ आणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"मले कोणी सांगाले पायजे का? ललिता त्याच्याकडून आली त्या दिवसापासून तुमच्या ताटात भाजी वाढताना हात आखडते. माह्या घरात भाजीले तोटा नाई, म्हणून इचारलं तिले."

मी म्हटलं, गेम बंद पडला, बिल आलं, नियम बदलले.

"बिल तं माफ झालं ना. मंग आता बिरजूले काय कारण सांगता?"

कुकर गॅसवर होता. एरवी नको तेव्हा वाजतो, आज एक शिट्टी द्यायला काय झालं होतं?

१६ एप्रिल

'नदीच्या मधोमध' पुन्हा वाचलं. काठावरच्या शब्दाचा परिच्छेद जरा लांबलाय. कापायला हवा होता.

२२ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. उन्हाने कूलरपण गरम हवा मारतोय. ललिताचं जिन्यावरून जाणं-येणं ऐकू येतं, बोलणं कामापुरतं. "भाऊ, अस्वल झाडावर चढताना काय म्हणन?" मी वाक्य देतो, ती घेऊन जाते. पूर्वी तिथंच उभी राहून हसायची.

२८ एप्रिल

अस्वल नव्या इंजिनावर उभं राहिलं.

टेबलावर फोन ठेवला, आम्ही तिघं वाकलो. दीपालीने आधीच गॅस बंद केला होता. पडदा काळा. मग एक छोटंसं चिन्ह, दोन सेकंद, नव्या इंजिनाचं.

"हेही दाखवावं लागतं?"

"नाई लागत. मीच टाकलं." ललिता म्हणाली. "त्यायनं मांगतलं नाई म्हणून काय झालं, जाळं तं त्यायचंच ना?"

मग माझं नाव आलं, दोघींनी वाचलं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार मोठं वाटलं. अक्षराचा आकार कमी करायला सांगितला. मग अस्वल आलं. मानेवरचे केस हलतात. पूर्वीइतके नाही, पण हलतात.

चहा झाला. ललिता कप फिरवत बसली होती. "भाऊ, या नव्याचं कसं ठरवाचं? वाट्याचं?"

मी 'निम्मं-निम्मं' म्हणायला तोंड उघडलं. "आधी बिरजूचे फोनमागे आठ आणे," असं निघालं. "जुन्याचेही, नव्याचेही. उरेल त्यात निम्मं तुझं, निम्मं माझं. आणि हे सगळं कागदावर. आत्ता, काठावर."

दीपालीने भाजीचं पातेलं उगाच इकडचं तिकडे केलं. ललिता उठली, फोन घेऊन अंगणात गेली आणि तेलुगूत बोलू लागली. भराभर, बराच वेळ. मला त्यातला एकच शब्द कळला, 'वद्दु'. सिरोंच्याचे मासेवाले भाव पाडून मागितला की हाच शब्द तोंडावर फेकतात : नको, जा.

आत आली तेव्हा विचारलं, "कुणाशी भांडत होतीस?"

"कोणाशीच नाई. हैदराबादचा फोन होता." आणि ताट ओढून घेत दीपालीला म्हणाली, "वहिनी, भाजी आहे का आणखी?"

कसली तरी चौकशी असेल त्यांची. मुदत परवा संपते, त्याआधी तिच्याशी नीट बोललं पाहिजे. पण आज ती इतकी जेवली, की विषय काढवला नाही.

४ मे

अहेरी. ऊन असं, की ताडपत्रीच्या सावलीतही बिरजूने डोक्यावरचा दुपट्टा सोडला नव्हता. मला पाहून त्याने सरकून जागा दिली. मी बसलो. चंद्रपूरचं ऊन, अहेरीचं ऊन, मोहाला भाव काय लागला, सगळं बोलून झालं. मग नागपूरचं मानधन ज्या पाकिटात आलं होतं ते पाकीट लॅपटॉपच्या शेजारी ठेवलं.

"काय हाय?"

"आठ आणे."

त्याने पाकीट चाचपलं, उघडलं नाही. "मी तं फोन मोजलेच नाई भाऊ. तुमाले कसं मालूम किती झाले?"

"कंपनीने मोजलेत. एकही सोडला नाही."

बिरजू हसला. पाकीट ताडपत्रीखाली सारलं, त्यावर मांडी ठेवली. मागच्या वेळेबद्दल मी काय बोलणार होतो ते गाडीत तयार करून आणलं होतं, चांगली तीन वाक्यं होती. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "नवीन अस्वल ललिताताई चंद्रपूरवरून पाठवून राह्यली होती काल. रेंज नाई भेटली. तुमी आणलं का?"

आणलं होतं. त्याला दिलं.

बुधरीबाई नावाची एक म्हातारी समोर उकिडवी बसली होती. रेल्याची, म्हणजे गोंडी नाचाची, गाणी भरून हवी होती तिला, नातीच्या फोनमध्ये. बिरजूने गाणी भरली, मग माझ्याकडे न बघता अस्वलही टाकलं आणि उघडून तिच्या हातात दिलं. दोन सेकंदांचं चिन्ह आलं, गेलं. अस्वल म्हणालं, "काऊन बे, मले सोडून एकटाच टोपली भरतं का?"

म्हातारीने फोन लांब धरला. "खोटं हाय," ती म्हणाली. "अस्वल इचारत नाई. सरळ येते." आणि मग फोन कानाशी नेऊन पुन्हा एकदा ऐकलं.

ती गेल्यावर बिरजूने माझ्यापुढे तळहात धरला, गमतीत. "नव्याचा हा पयला. आठ आणे झाले भाऊ. शिक्का कुठून आणता आता?"

खिशात रुपया होता. त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा, आणि पुढचा," मी म्हणालो.

बिरजूने मूठ मिटली आणि बाजाराकडे तोंड करून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.